डाउनलोड मित्रासाठी, डिलीट कंपनीमुळे

मोबाइलवरच्या खेळांविषयी आपल्याकडे जी जाहीर चर्चा होते, ती जवळजवळ संपूर्णपणे व्यसनाभोवती फिरते. पालकसभा असो, वर्तमानपत्रातले स्फुट असो किंवा विधिमंडळातली लक्षवेधी असो, खेळ एकदा फोनमध्ये शिरला की तो तरुणाला सोडत नाही, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांची काळजी मात्र नेमकी उलटी असते. खेळ उतरवून घेतलेल्यांपैकी दुसऱ्या दिवशी किती जण परत आले, सातव्या दिवशी किती उरले आणि तिसाव्या दिवशी किती, या तीन आकड्यांवर त्या धंद्यात माणसांच्या नोकऱ्या टिकतात किंवा जातात. आणि तिसाव्या दिवसापर्यंत शंभरातले मोजकेच लोक उरणे हे तिथे अपयश नसून नेहमीचे चित्र मानले जाते. तरुण माणूस खेळ सहज घेतो आणि त्याहून सहज टाकतो. त्यामुळे तो खेळ का घेतो, का टाकतो आणि टाकावासा वाटत असूनही कधीकधी का टाकू शकत नाही, असे प्रश्न सुटे सुटे विचारले पाहिजेत. सरकार, पालक आणि आपले देशी स्टुडिओ या तिघांनीही ते तसे विचारलेले नाहीत, असे माझे मत आहे.

इथे मी बोलतो आहे ते साधारण अठरा ते पंचवीस या वयाविषयी. लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची उत्तरेही वेगळी आहेत. या वयातला माणूस कायद्याने सज्ञान असतो, त्याच्या हातात स्वतःचा फोन आणि यूपीआयचा पिन असतो. मात्र त्याची कमाई तुटपुंजी असते किंवा नसतेच. त्याला वेळ भरपूर असतो, पण तो सलग नसतो.

खेळ घेण्याचे पहिले कारण जाहिरात नाही, मित्र आहे. पबजी मोबाइल 2018 च्या मार्चमध्ये आला आणि त्याच वर्षी आपल्या वसतिगृहांमधून पसरला. त्याची जमीन आधीच तयार झाली होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि डेटाचे दर कोसळले, त्याच सुमारास दहा-बारा हजारांत चांगला चालणारा चिनी बनावटीचा फोन मिळू लागला. पण स्वस्त डेटा आणि स्वस्त फोन सगळ्याच खेळांना उपलब्ध होते. पसरला तो हा एक. त्याचे कारण त्याच्या रचनेत होते. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, चार-चार जणांचे स्क्वॉड असते आणि खेळता खेळता माइकवर एकमेकांशी बोलता येते. तीन जण जमले की चौथ्याची गरज लागते, आणि "अरे, एक जण कमी पडतोय, टाकून घे ना" या वाक्याने जेवढी डाउनलोड झाली असतील तेवढी कोणत्याही सिनेतारकाच्या जाहिरातीने झालेली नसतील.

पदवीनंतर चौघांपैकी एक पुण्यात राहिला, एक बंगळुरूला गेला, एक गावी परतला आणि एक परीक्षेच्या तयारीला लागला, तरी रात्री साडेदहाला खेळाच्या लॉबीत, म्हणजे डावाआधी जमण्याच्या पडद्यावर, चौघे एकत्र येत राहिले. त्यांच्यातले बोलणे ऐकले तर मौज वाटते. नकाशावरच्या पोचिंकी गावात उतरायचे की नाही यावर अर्धा मिनिट वाद होतो, कोणीतरी "मागे बघ, मागे" असे ओरडतो, आणि गाडीतून सुरक्षित वर्तुळाकडे निघाल्यावर मधल्या शांततेत कोणीतरी सहज सांगून टाकतो की निकाल लागला, दोन गुणांनी गेलो. तेच सांगण्यासाठी त्याने मुद्दाम फोन केला नसता. तरुण पुरुषांना एकमेकांची विचारपूस करायला काहीतरी निमित्त लागते, आणि काही वर्षे ते निमित्त या खेळाने पुरवले.

लूडो किंगची गोष्ट याच प्रकारची आहे. विकाश जयस्वाल यांच्या नवी मुंबईतल्या गेमशन या कंपनीने 2016 मध्ये आणलेला हा खेळ दिसायला साधा, तांत्रिक चमत्काराचा लवलेश नसलेला. 2020 च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोहोचला, कारण नियम कोणालाच शिकवावे लागत नव्हते आणि आत्येभाऊ, मावशी, दादाची बायको असे सगळे एका पटावर बसू शकत होते. डाउनलोडचा निर्णय इथेही एकट्याचा नव्हता. कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर खोलीचा कोड आला की लोक आपोआप आत येत होते.

हे लक्षात न घेतल्यास काय होते, ते फौजीच्या उदाहरणात दिसते. 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजीसह 118 ॲपवर बंदी आली आणि दोनच दिवसांत या भारतीय खेळाची घोषणा झाली. अक्षय कुमार यांचे नाव, सैनिकांसाठीच्या निधीला उत्पन्नाचा वाटा, गलवानची पार्श्वभूमी, प्रजासत्ताकदिनी प्रकाशन, असे सगळे जुळून आले होते. प्रकाशनापूर्वी चाळीस लाखांहून अधिक लोकांनी पूर्वनोंदणी केली होती. प्रत्यक्षात 26 जानेवारी 2021 रोजी हातात आला तो एकट्याने खेळायचा, हाणामारीचा, सरळ रेषेत पुढे जाणारा खेळ. मित्रांबरोबर खेळण्याची सोय त्यात नव्हती. प्ले स्टोअरवरचे त्याचे मानांकन भराभर घसरले. पबजीवाल्यांनी रागाने दिलेले एक तारेही त्यात होते, हे मान्य. पण ज्यांनी मनापासून उतरवून घेतला त्यांनाही दुसऱ्या संध्याकाळी तो उघडायला काही कारण उरले नव्हते. पूर्वनोंदणी म्हणजे लग्नाची पत्रिका हातात पडल्यावर म्हटलेले "येतो की" असते, त्यावरून पंगतीची पाने मांडायची नसतात. देशाभिमान माणसाला स्टोअरपर्यंत आणू शकतो, रोज रात्री साडेदहाला परत आणू शकत नाही.

पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर 2024 मध्ये आणलेला इंडस हा खेळ या बाबतीत अधिक शहाणा म्हणावा लागेल. तो बॅटल रॉयालच आहे, म्हणजे शेवटपर्यंत उरेल तो जिंकला अशा पबजीच्याच प्रकारचा, मित्रांबरोबर खेळता येतो आणि भारतीय वळणाची भविष्यकथा त्यात मन लावून रचलेली आहे. त्याच्याही पूर्वनोंदण्या एक कोटीपलीकडे गेल्या होत्या. पण अशा खेळापुढची खरी अडचण चित्रांच्या दर्जाची नसते. ज्याला तो खेळावासा वाटतो, त्याचे उरलेले तीन मित्र दुसऱ्या लॉबीत आधीच बसलेले असतात, आणि एकट्याने उठून येण्यात त्याला रस नसतो. चौघांना एकदम हलवण्याची युक्ती ज्याला सापडेल तोच नवा खेळ या देशात उभा राहील. आजवर हे काम मोठ्या प्रमाणावर फक्त सरकारी बंदीने केले आहे!

आता टाकण्याकडे येऊ. इथे पहिला मुद्दा अगदी क्षुद्र वाटेल, पण तो क्षुद्र नाही. आपल्याकडचा बहुसंख्य तरुण अँड्रॉइड फोन वापरतो आणि त्यात बऱ्याचदा 64 जीबीच साठवण असते. तिच्यातली बरीचशी जागा यंत्रणेनेच खाल्लेली असते. उरलेल्यात ताईच्या लग्नाचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपवर साचलेले शुभेच्छासंदेश, क्लासची रेकॉर्ड केलेली व्याख्याने आणि चालू घडामोडींच्या पीडीएफ असतात. खेळ मात्र नकाशे आणि इतर सामग्री धरून दोन-तीन जीबी मागतो, आणि थोड्याथोड्या महिन्यांनी येणारे प्रत्येक अपडेट आणखी मागते. मग एके दिवशी वर पट्टी येते की साठवण जवळजवळ भरली आहे. लग्नाचे व्हिडिओ काढता येत नाहीत, पीडीएफ काढवत नाहीत. खेळाच्या चौकोनावर बोट दाबून धरले जाते. त्या क्षणी कोणी व्यसनमुक्त झालेला नसतो, त्याच्या फोनमध्ये फक्त जागा झालेली असते. गरेनाच्या फ्री फायरने हे फार लवकर ओळखले होते. पन्नास खेळाडू, दहाएक मिनिटांचा डाव आणि कमी रॅमच्या फोनवर चालणारी बांधणी, या तीन गोष्टींवर त्याने महागडा फोन नसलेल्या मुलांमध्ये आपला जम बसवला. हा खेळ मारधाडीचा आहे म्हणून मुले त्यामागे लागली, असे म्हणणाऱ्यांनी मारधाडीचे कितीतरी खेळ त्याच काळात कोणी विचारलेही नाहीत हे पाहावे.

मुंबईच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याचा एक हात वरच्या कडीला असतो. त्यामुळे फोन आडवा धरून दोन अंगठ्यांनी खेळायचा खेळ डोंबिवलीहून येणाऱ्या तरुणाच्या सकाळी बसूच शकत नाही. तिथे उभ्या पडद्याचा, एका अंगठ्याने चालणारा आणि नेटवर्क गेले तरी न थांबणारा खेळ लागतो. म्हणून त्याच माणसाच्या फोनवर सकाळचा खेळ वेगळा आणि रात्रीचा वेगळा असतो, आणि नोकरीची जागा बदलली की यातला एक निमूटपणे नाहीसा होतो.

अशा छोट्या, फुकट, एकट्याच्या खेळांना लोक का टाकतात याचे उत्तर मात्र सरळ आहे: जाहिराती. एक डाव संपतो. लगेच पडदाभर जाहिरात उघडते, तिच्यात दुसराच कोणता तरी खेळ मुद्दाम वाईट खेळून दाखवलेला असतो. कोपऱ्यात सेकंद मोजणारे वर्तुळ फिरते. ते संपले की फुलीच्या जागी दोन बाण येतात, ते दाबले की जाहिरातीचा दुसरा भाग सुरू होतो. मग खरी फुली उगवते, पण ती वरच्या कोपऱ्यात, इतकी बारीक की अंगठा हमखास शेजारी पडतो आणि प्ले स्टोअरचे पान उघडते. वीस सेकंदांच्या डावासाठी चाळीस सेकंदांचा हा विधी तीन-चारदा झाला की खेळ काढून टाकला जातो. जाहिरातीत दाखवलेला खेळ आणि प्रत्यक्षातला खेळ यांचा संबंध नसणे हाही नित्याचा प्रकार आहे. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्स यांच्या अशा जाहिरातींना ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने 2020 मध्ये दिशाभूल करणाऱ्या ठरवून मनाई केली होती. इथे समजून घेण्याजोगी गोष्ट ही की या प्रकारच्या खेळांच्या हिशेबात तुम्ही निघून जाणे धरलेलेच असते. कंपनी तुम्हाला जाहिरातीतून विकत घेते, चार दिवस जाहिराती दाखवते आणि त्यातल्याच एका जाहिरातीतून दुसऱ्या खेळाला विकून मोकळी होते. या व्यवहारात तरुण माणूस गिऱ्हाईक कमी आणि माल जास्त असतो.

दुसऱ्या जातीचे खेळ याच्या उलट, माणसाला जाऊच न देण्यावर उभे असतात. रोज उघडले तर लॉगिन बक्षीस, सात दिवस सलग उघडले तर मोठे बक्षीस, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ठरावीक आठवड्यांचा पास विकत घ्यायचा आणि मुदत संपण्याआधी त्यातली सगळी कामे उरकायची. हंगाम संपला की चढवलेली रँक खाली येते आणि पुन्हा चढवावी लागते. इथे खेळ एका झटक्यात सुटत नाही. आधी त्याची ड्यूटी होते. "मजा नाही राहिली आता, नुसतं ग्राइंड आहे" असे म्हणणारा मुलगा पुढचे दोन-तीन महिने खेळतच असतो, कारण त्याने पैसे भरलेले असतात, स्किन, म्हणजे पात्राचे पोशाख आणि बंदुकांचे रंगरूप, गोळा केलेल्या असतात, आयडीला वजन आलेले असते. कंपन्यांना याची पुरेपूर जाणीव आहे. बंदी आलेल्या पबजीच्या जागी क्राफ्टन कंपनीने जुलै 2021 मध्ये बीजीएमआय हा खेळ आणला, तेव्हा जुन्या खात्यातला साठा नव्या खेळात आणण्याची सोय सुरुवातीलाच दिली होती. नकाशे आणि बंदुका तशाच होत्या. लोकांना परत आणायचे तर त्यांची कपाटेही परत आणावी लागतील, हे ती कंपनी ओळखून होती.

पेटी उघडून नशीब आजमावण्याचा प्रकार याच जातीतला. रुपये देऊन यूसी किंवा डायमंड हे खेळातले चलन घ्यायचे, ते देऊन पेटी उघडायची, आत काय निघेल ते माहीत नाही. बेल्जियमने 2018 मध्येच अशा पेट्यांना आपल्या कायद्याखाली जुगार ठरवले. ॲपलने 2017 च्या अखेरीस आणि गुगलने 2019 मध्ये शक्यतांची टक्केवारी जाहीर करण्याचा नियम केला, पण ती टक्केवारी बहुतेकदा एका बारीक प्रश्नचिन्हामागे दडलेली असते आणि पेटीवरचे बटण झगझगीत असते. रुपयांचे एकदा डायमंड झाले की खर्चाची जाणीव बोथट होते. महिन्याला दोन-तीन हजार पाकीटखर्च मिळणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षभरात या खात्यावर एकूण किती रुपये घातले, हे त्या खेळाच्या पडद्यावर त्याला सहज कुठेही दिसत नाही.

खेळ टाकण्याचे आणखी एक कारण जाहीर चर्चेत येतच नाही, कारण चर्चा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गेमर म्हणजे मुलगाच असतो. अनोळखी स्क्वॉडमध्ये एखाद्या मुलीने माइक चालू केला की पुढच्या मिनिटात काय ऐकावे लागते, हे खेळणाऱ्या कोणत्याही मुलीला विचारावे. काही जणी माइक बंद ठेवतात, काही मुलाचे नाव घेतात, काही फक्त ओळखीच्यांबरोबर खेळतात आणि उरलेल्या खेळच काढून टाकतात. तक्रार नोंदवण्याचे बटण असते. ते दाबल्यावर काय झाले ते सहसा कळत नाही. हॅकरांनी डाव नासवला म्हणून जाणाऱ्या मुलांची दखल कंपन्या घेतात, खाती बंद केल्याचे आकडे अभिमानाने प्रसिद्ध करतात. शिवीगाळीमुळे गेलेल्या मुलींचा असा आकडा प्रसिद्ध करण्याची तत्परता दिसत नाही.

आता सरकारकडे. 2019 च्या मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजीवर स्थानिक बंदी घातली आणि खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना पकडले. 2020 मध्ये देशव्यापी बंदी आली, फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर गेला, त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस बीजीएमआय स्टोअरवरून हटला आणि मे 2023 मध्ये खेळण्याच्या वेळेची मर्यादा घालून परतला. देशव्यापी निर्णयांमागे सरकारने सांगितलेले कारण माहितीची सुरक्षितता आणि सार्वभौमत्व हे होते, तरुणांचे मानसिक आरोग्य नव्हे. पण घराघरांत टाळ्या पडल्या त्या "सुटली एकदाची पोरं" म्हणून. पोरे सुटली नाहीत. स्क्वॉडच्या स्क्वॉड उठून कॉल ऑफ ड्यूटीत गेली, फ्री फायरमध्ये गेली, काहींनी पबजीची कोरियन आवृत्ती मिळवली, आणि फ्री फायर गेल्यावर त्याचीच फ्री फायर मॅक्स ही दुसरी आवृत्ती होतीच. मित्रमंडळ कायम राहिले, जागा बदलली.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी केलेला कायदा याहून विचारपूर्वक आहे आणि पैशाच्या खेळांपुरता माझा त्याला पाठिंबा आहे. पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा दाखवणारे खेळ त्याने एका बाजूला काढले आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ दुसऱ्या बाजूला ठेवले. सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाचे काय करावे यात सरकारने पडू नये, हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. पण रमीसारख्या खेळात माणूस हरल्यामुळेच परत येतो, गेलेले भरून काढण्यासाठी येतो. जिथे तोटा हेच थांबण्याचे कारण असायला हवे आणि तोच पुन्हा बसण्याचे कारण होतो, तिथे स्वखुशीचा युक्तिवाद फार दूर नेत नाही. अडचण अशी की या कायद्यामुळे "गेमिंगचे काय ते झाले" असा समज पसरला आहे. पैसे परत मिळण्याची आशा न दाखवता पैसे काढून घेणारी सारी यंत्रणा, म्हणजे पास, पेट्या, मुदतीच्या सवलती, खोट्या घाईची घड्याळे, त्या कायद्याच्या मुख्य रोखाबाहेर राहिली आहे.

व्यसन खोटे आहे असे मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळासंबंधीच्या विकाराला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले आहे आणि ते 2022 पासून लागूही झाले आहे. मात्र त्याचे निकष कडक आहेत: खेळावरचा ताबा सुटलेला, बाकीचे आयुष्य मागे पडलेले आणि साधारण वर्षभर हेच चाललेले. ज्यांना हा त्रास आहे त्यांना उपचार मिळायला हवेत, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते मिळत नाहीत ही खरी तक्रार आहे. पण त्या थोड्यांचे निदान सगळ्यांना लावले की उरलेल्या मोठ्या वर्गाची साधी ग्राहक म्हणून जी फसवणूक होते, तिच्याकडे कोणी पाहत नाही.

आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी संकेतस्थळे आणि ॲपमधल्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आहेत. त्यात तेरा प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई निर्माण करणे, सारखे टोचत राहणे, जाहिरात आहे हे लपवणे, एक दाखवून दुसरेच देणे हे त्यातलेच. खेळणाऱ्या कोणत्याही मुलाला ही यादी वाचायला दिली तर तो प्रत्येकापुढे एका खेळाचे नाव लिहून देईल. जून 2025 मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत आपापली तपासणी करायला सांगितले. खरेदीची आणि तिकिटांची ॲप यात चर्चेत आली. खेळांकडे कोणी तेवढ्या बारकाईने पाहिले नाही. जाहिरात बंद करण्याची फुली पहिल्यापासून, एकाच जागी आणि बोटाला सापडेल एवढी असावी, पेटीच्या किमतीशेजारीच शक्यतेची टक्केवारी छापलेली असावी, आणि प्रत्येक खात्यावर आजवरचा एकूण खर्च रुपयांत दिसावा, एवढे तरी याच तत्त्वांच्या आधाराने मागता येते.

फुकट खेळाला उत्पन्न कुठून येणार, असे स्टुडिओवाले विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. कलाकार, प्रोग्रामर, सर्व्हर यांचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा. परंतु त्यांच्याच तीन आकड्यांकडे त्यांनी पुन्हा पाहावे: तिसाव्या दिवशी जे उरतात ते बहुतेक मित्रांमुळे उरलेले असतात, आणि मित्राला वाढदिवसाला स्किन देणारा मुलगा ती राजीखुशीने देतो, त्याला घड्याळ लावून घाबरवावे लागत नाही. परदेशी कंपन्या इथल्या नियमाची वाट पाहतील, हे उघड आहे. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंना आपल्या खेळाच्या प्रोफाइल पानावर "आजवरचा खर्च" अशी एक ओळ मराठीत आणि रुपयांत घालायला कोणाच्या अधिसूचनेची गरज नाही. पुढच्या अपडेटमध्येही ती येऊ शकते.